रांगेतली शेवटची जागा

चंद्रप्रभानं दिल्लीचं स्थळ पत्करलं ते हिमालयासाठी, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही ही गोष्ट तिनं नवऱ्याला सांगितली नव्हती. साताऱ्याला कॉलेजात असताना ती रोज सकाळी अजिंक्यतारा चढून यायची, सुट्टीत मैत्रिणींबरोबर गडांवर भटकायची. उत्तरकाशीच्या गिर्यारोहण शिबिरासाठी तिची निवडही झाली होती. तेवढ्यात सूर्यकांतचं स्थळ आलं. मुलगा दिल्लीला, केंद्र सरकारात, निर्व्यसनी. घरातले लोक नोकरी आणि पेन्शन बघत होते. हिनं धाकट्या भावाच्या दप्तरातला नकाशा काढून पाहिला, तर दिल्ली आणि हिमालय यांच्यात जेमतेम एक बोट मावत होतं. शिबिर काय, पुढच्या वर्षी करू, असं म्हणून तिनं हो म्हटलं.

ते एक बोट काही ओलांडून होईना. आधी सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर, सासूबाईंचं आजारपण, पुढे मुलाच्या, चिन्मयच्या परीक्षा, तिची शाळेतली नोकरी. मग मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट घेतला, त्याचे हप्ते. मसुरीला सगळे दोनदा जाऊन आले, पण गाडीनं. मॉल रोडवर भाजलेली कणसं खाल्ली, सासूबाईंना शाल घेतली आणि परत. हिमालय तिनं गाडीच्या काचेतून पाहिला, तोही ढगात. तक्रार करावी असं काही घडलं नव्हतं, म्हणून तिनं ती केलीही नाही.

सूर्यकांत माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फक्त आयुष्यभर मंत्रालयात काढल्यामुळे कोण कुठे बसतो, कुणाच्या आधी कुणाला चहा येतो, यावरून तो जग ओळखत असे. निवृत्त झाला तरी लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यातलं ताट मिळालं की त्याला जेवण गोड लागत नसे. चालताना तो नेहमी दोन पावलं पुढे असायचा. त्यात गुर्मी नव्हती, सवय होती. बायको मागून येते आहे, हे त्यानं कधी वळून पाहिलं नाही, कारण ती येणार याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

यंदा चंद्रप्रभाही निवृत्त झाली आणि गणेशोत्सवात तिला वैभवी भेटली. सरोजिनी नगरला शेजारच्या क्वार्टरमध्ये वाढलेली ही मुलगी आता गाईड झाली होती. रीतसर पर्वतारोहणाचं शिक्षण घेऊन दिल्लीतल्या हौशी मंडळींना उत्तराखंडात डोंगरावर न्यायची. पुढच्या मे महिन्यात एक बर्फाची खिंड ओलांडायची मोहीम होती. तंबूत राहायचं, सगळं पायी. "काकू, चला ना यार, तुम्ही बिल्कुल करून जाल," ती म्हणाली. काकूला यार म्हटलं म्हणून तिनं लगेच जीभ चावली, पण चंद्रप्रभाला तो शब्द फार आवडला.

घरी येऊन तिनं सांगितलं, की मी जाणार आहे. सूर्यकांतनं पेपरातून डोकं न काढता म्हटलं, "जाऊ या की." तो प्रेमानंच म्हणाला. तिला मात्र त्यातलं 'या' खटकलं, आणि मग तसं वाटल्याची लाजही वाटली. एकटीनं जायचंय, हे वाक्य तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. आता कुठून जमणार?

मोहिमेआधी सराव होता. रविवारी पहाटे सगळ्यांनी फरीदाबादच्या मागच्या अरवलीच्या टेकड्यांवर जमायचं, पाठीवर वजन घेऊन चढायचं, आणि शेवटच्या रविवारी वैभवी ठरवणार की कोण येऊ शकतं. पहिल्याच दिवशी, सपाटीवरून सगळ्यांना थोडं चालवून झाल्यावर, तिनं आपला नियम सांगितला. "जो सगळ्यात स्लो, तो माझ्या पाठोपाठ, पहिला. म्हणजे सगळे त्याच्या स्पीडनं चालतात, कोणी मागे सुटत नाही. आणि जो सगळ्यात स्ट्राँग, तो लास्टला. कोणाला काही झालं तर तो सांभाळतो."

सूर्यकांत तेव्हा लांब उभा राहून बंगळूरच्या चिन्मयला फोनवर सांगत होता की तुझे आईवडील हिमालयात निघालेत. तो परत येईपर्यंत नियम सांगून झाला होता. वैभवी म्हणाली, "काका, तुम्ही माझ्या मागे, पहिले. काकू, तुम्ही शेवटी." सूर्यकांतला त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलंच नाही. वयानं आणि हुद्द्यानं तोच मोठा होता. टोपी सारखी करून तो वैभवीच्या मागे उभा राहिला, पण जाता जाता बायकोच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "तुला अगदीच मागे टाकलं गं. मनाला लावून घेऊ नकोस."

आता अशा माणसाला खरं सांगायचं कुणी? उतरल्यावर वैभवीला बाजूला घेऊन चंद्रप्रभानं सांगितलं, की काकांना काही बोलू नकोस, खुश आहेत ते. वैभवीनं डोकं खाजवलं, पण ऐकलं. बाकीची मंडळीही समजूतदार निघाली. परभणीहून येऊन यूपीएससीचा अभ्यास करणारा जयेश तर काकांना लीडर म्हणू लागला. सोसायटीच्या बागेत सूर्यकांतनं तोंड भरून सांगितलं, की गाईडच्या मागे लगेच आपण असतो, बाकीचे आपल्या मागून.

पण एकदा लीडर म्हटल्यावर माणूस लीडरसारखा वागायला लागतो. दर रविवारी सूर्यकांतची चाल वाढू लागली. आपल्यामुळे रांग रेंगाळते आहे असं कुणी म्हणू नये, म्हणून तो वैभवीच्या टाचांवर पाय पडेल इतका जवळून चालायचा. ती म्हणायची, काका, बोलता येईल इतक्याच वेगानं चाला. त्याला वाटायचं, पोरगी मागच्यांची काळजी घेते आहे. मग तो मान वळवून मागे हाक द्यायचा, की चला, चला. रांगेच्या टोकाला चंद्रप्रभा संथ पावलं टाकत असायची. दम लागणं राहिलं बाजूला, पाठीवरचं वजनही तिला जाणवत नव्हतं. बाभळीच्या काट्यांतून मोर ओरडायचे, पायाखाली दगड कुरकुरायचे आणि आपण साताऱ्यातच आहोत असं तिला वाटायचं. फक्त पुढून येणारी ती हाक ऐकली की तिच्या काळजात चर्र व्हायचं, कारण हाकेतला दम दर खेपेला कमी होत होता.

शेवटच्या रविवारी व्हायचं तेच झालं. मोठ्या चढावर सूर्यकांत जवळजवळ पळतच निघाला आणि मध्येच एका दगडावर मटकन बसला. चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ हलत होते पण शब्द फुटत नव्हता. चंद्रप्रभा रांगेच्या शेवटून सगळ्यांना ओलांडत वर आली, तेव्हा वैभवीनं त्याची बॅग उतरवून बोटाला ऑक्सिमीटर लावला होता. तो हळूहळू सावरला. साखरमिठाचं पाणी प्यायला, पहिलं वाक्य बोलला ते, की रांग थांबवू नका.

वैभवीनं काकूंना चार पावलं बाजूला नेलं. "काकू, इथे ठीक आहे, खाली हॉस्पिटल आहे. तिथे वर काका असे धावले ना, तर मी काही करू शकणार नाही. अशानं मी नाही नेऊ शकत त्यांना. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

आपण त्याचं मन जपायला गेलो आणि त्याचाच जीव धोक्यात घातला, हे चंद्रप्रभाला तिथे उभ्या उभ्या कळलं. बाकीच्यांना खाली सावलीत बसायला सांगून ती नवऱ्याजवळ दगडावर टेकली.

"अहो, तुम्हाला पुढे ठेवलंय ते मान म्हणून नाही," ती म्हणाली. "सगळ्यात हळू चालणारा पुढे असतो. सगळ्यांनी त्याच्या बेतानं चालावं म्हणून. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

सूर्यकांत समोर बघत राहिला. खाली फरीदाबादच्या इमारती धुरकट हवेत बुडाल्या होत्या. त्याच्या मानेवरची शीर उडताना तिला दिसत होती. हात धरावा असं तिच्या मनात आलं, पण आत्ता धरला तर ती कीव वाटेल, म्हणून तिनं तो आपल्या मांडीवरच ठेवला.

डोक्यावरची टोपी काढून हातात धरत त्यानं विचारलं, "मग तू शेवटी का?"

या प्रश्नाची तिनं तयारी केली नव्हती. कसलं, आपलं असंच, असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेता आली असती. सगळा जन्म तिनं तशीच नेली होती.

"कारण मी सगळ्यांत चांगली चालते," ती म्हणाली.

असलं वाक्य स्वतःबद्दल ती पहिल्यांदाच बोलत होती. आणि एकदा ते तोंडातून गेल्यावर बाकीचंही थांबेना. अजिंक्यतारा, उत्तरकाशीचं शिबिर, भावाच्या दप्तरातला नकाशा, सगळं ती सांगत गेली. दिल्लीचं स्थळ का पत्करलं, तेही तिनं सांगितलं. सांगताना आवाजात राग नव्हता, पण डोळे वाहत होते, आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

"म्हणजे माझ्यासाठी नाही?" सूर्यकांतनं विचारलं. आवाज इतका बिचारा झाला होता की तिला रडता रडता हसू आलं.

"तुम्ही नंतर आवडलात," ती म्हणाली.

उतरताना तो वैभवीच्या मागेच चालला, पण अगदी सावकाश. एकदाही मागे हाक दिली नाही. मध्ये वाट वळली तिथे मात्र तो थांबला, मान वळवून त्यानं सगळी रांग नजरेखालून घातली आणि शेवटी चंद्रप्रभा दिसेपर्यंत बघत राहिला. जयेश एका घसरड्या दगडापाशी अडखळला होता आणि ती त्याला पाय कुठे टेकायचा ते दाखवत होती. ती दिसल्यावरच सूर्यकांतनं पुढचं पाऊल टाकलं.

खाली पोचल्यावर त्यानं स्वतःच वैभवीला सांगितलं, की मी येत नाही, ही येईल. वैभवी म्हणाली की काका, हळू चालणार असाल तर डॉक्टरांना विचारून बघू या, अजून दुसरी सोपी वाट आहे. त्यानं नकारार्थी मान हलवली. मग चंद्रप्रभाही अडून बसली. तुम्हाला असं टाकून मी जाणार नाही, तुम्हाला धड चहा करता येत नाही, असं काय काय ती परतीच्या मेट्रोत बोलत राहिली. तो ऐकून घेत होता. उतरायचं स्टेशन जवळ आलं तसं त्यानं तिच्याकडे न बघता म्हटलं, "मी आलो तर तुला माझ्या चालीनं चालावं लागेल, प्रभा. आत्तापर्यंत चाललीसच की."

गर्दीत दोघं एकाच दांड्याला धरून उभी होती. तिनं आपला हात सरकवून त्याच्या हातावर ठेवला आणि स्टेशन येईपर्यंत काढला नाही.

पुढचे दिवस सूर्यकांतनं तिची बॅग भरण्यात घालवले. फाइल लावावी तशी त्यानं ती लावली, आणि वैभवीनं येऊन पुन्हा उपसून नीट भरली. डॉक्टरांकडे दोघंही जाऊन आली. त्याचं हृदय ठणठणीत निघालं, पण रोज हळूहळू चालायला सांगितलं होतं. खिचडी करायला तो शिकला. पहिली करपली, दुसरी त्यानं तिला वाढली आणि तिनं ती खाल्ली, एवढं सांगितलं तरी पुरे.

निघायच्या दिवशी उजाडता उजाडता सगळे अक्षरधाम मेट्रो स्टेशनाखाली जमले. टेंपो ट्रॅव्हलरच्या टपावर बॅगा चढत होत्या. चंद्रप्रभा खिडकीजवळ बसली होती आणि सूर्यकांत खाली उभा राहून, गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत, ते तिला पुन्हा एकदा सांगत होता. शेजारी एक सुटाबुटातले गृहस्थ मुलाला सोडायला आले होते. सरकारातलेच असावेत, गाडीवर तशी पाटी होती. मुलगा ऐनवेळी मोहिमेत आला होता, सराव बेताचाच झाला होता.

"हमारा बेटा तो सबसे आगे चलेगा," गृहस्थ सूर्यकांतला म्हणाले. "मॅडम ने ख़ुद बोला है, गाईड के ठीक पीछे."

चंद्रप्रभानं श्वास रोखला. नियम समजावून सांगायला सूर्यकांतला याहून चांगली संधी मिळाली नसती, आणि समजावून सांगण्याची हौस त्याला जन्मापासून होती. त्यानं त्या मुलाकडे पाहिलं. पोरगा नवे बूट घालून ताठ उभा होता.

"बहुत अच्छा," सूर्यकांत म्हणाला. "हमारी मिसेस सबसे पीछे चलती हैं."

गृहस्थांना वाईट वाटलं. त्यांनी सूर्यकांतच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याची समजूत घातली, की कोई बात नहीं जी, इस उमर में जा रही हैं, यही बहुत है.

"जी," सूर्यकांत म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि ती कीव त्यानं निमूटपणे घेतली. पण खिडकीकडे वळला तेव्हा त्याची छाती अशी फुगली होती, की पंगतीत पहिलं ताट मिळालं तेव्हाही तिनं ती तशी पाहिली नव्हती.

गाडी सुरू झाली. चंद्रप्रभाचे डोळे भरून आले होते, तरी तिनं काचेला नाक लावलं. तिला वळणापर्यंत त्याला बघायचं होतं. तो जागचा हलला नव्हता.