छत्तीस खटके

ब्याऐंशी सालची गोष्ट. कर्जतच्या बाजारात हिरामणचा फोटो स्टुडिओ होता आणि चार वर्षांपासून त्याच्या डोक्यात झूम लेन्सचं खूळ होतं. बायको म्हणायची, नवरा-नवरी चार हातांवर उभे असतात, तुम्हाला लांबचं बघून करायचंय काय?

म्हणून एका सकाळी कुंभिवलीजवळच्या कारखान्याचे मॅनेजरसाहेब जपानी झूम घेऊन स्टुडिओत आले, तेव्हा गडी पार विरघळला. गेटवर कामगारांची सभा आहे, लांबून फोटो काढायचे, उद्या प्रिंट द्यायचे, मग लेन्स तुमचीच, असं साहेब म्हणाले. फोटो कशाला हवेत, हे हिरामणला विचारावंसं वाटलं होतं. त्याने विचारलं नाही. घाईघाईत कॅमेऱ्यात रोल भरून तो जीपमध्ये बसला.

कारखान्याच्या गच्चीवर टाकीशेजारी एक खोली होती. साहेबांनी दाराला आतून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दाराशीच खुर्ची घेऊन बसले. हिरामणने खिडकीतून गेटकडे रोखून लेन्सची नळी मागे ओढली, फोकस फिरवला. पहिला चेहरा स्पष्ट झाला तो बुधाजीचा, त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. मागे डबा घेऊन बहीण चंद्रभागा उभी होती.

"एकेकाचं तोंड ओळखू आलं पाहिजे," साहेब म्हणाले. "कोणाला घरी बसवायचं, ते त्यावरूनच ठरेल."

पळावं तर कुलूप, थांबावं तर साहेब मागे बसून खटके मोजताहेत. त्याने एक खटका दाबला. दुसरा. तिसऱ्यानंतर फिल्म पुढे सरकवताना त्याची नजर कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूच्या गोल खुंटीवर गेली. फिल्म सरकते तशी ही खुंटी फिरते. आज ती जागची हलत नव्हती. सकाळच्या घाईत फिल्मचं टोक रिळात अडकलंच नव्हतं, म्हणजे एकही फोटो उठत नव्हता.

एरवी अशा चुकीसाठी त्याने स्वतःला शिव्या घातल्या असत्या. आज त्याला रडू येईल इतका आनंद झाला. मग तो अगदी मन लावून फोकस करत सुटला.

विसाव्या खटक्याला काचेवर ऊन चमकलं. बुधाजीने वर पाहून बोट दाखवलं आणि सगळी सभा हिरामणकडे तोंड करून उभी राहिली. लेन्समधून चंद्रभागेच्या ओठावरचा घामसुद्धा दिसत होता, पण तिला काही सांगायची सोय नव्हती. साहेबांनी विचारलं, का थांबलात? त्याने खटका दाबला. रोलचे छत्तीस झाले तेव्हा कुठे कुलूप निघालं.

संध्याकाळी तो रोल आणि लेन्सची पिशवी घेऊन बहिणीच्या घरी गेला. लेन्सपासून खुंटीपर्यंत सगळं सांगितलं आणि फिल्म उपसून त्यांच्यापुढे टाकली.

"यावर फोटो असते, तरी आता असंच दिसलं असतं ना?" बुधाजीने विचारलं.

न धुतलेली फिल्म राखाडीच दिसते, हे हिरामणइतकं कोणाला माहीत असणार? "हो दाजी," तो म्हणाला. "पण उद्या साहेबांच्या हाती काही लागायचं नाय."

"लागायचं नाय, मानते मी," चंद्रभागा म्हणाली. "पन पयला खटका दाबलास तवा ठावं व्हतं का रं दादा, रोल लागला नाय ते?"

खोटं बोलता आलं असतं. "नाय," हिरामण म्हणाला.

जेवल्याशिवाय तिने त्याला कधी जाऊ दिलं नव्हतं. आज ती उठली आणि लेन्सची पिशवी त्याच्या हातात दिली.