नेलिदाचं नीटनेटकं इंग्रजी

नेलिदा कामारेना पेरू देशातल्या वांकायो शहरात सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायची. पोरं तिला 'मिस' म्हणत. पण मिसचा जीव अडकला होता आईच्या बोलीत. आई हुस्तिना डोंगरातल्या अकोपाता गावची. तिथल्या क्वेचुआ भाषेत क्रियापदाला प्रत्ययाची शेपटी लागे: स्वतः पाहिलेल्या गोष्टीला एक, ऐकलेल्या गोष्टीला दुसरी. आणि सांगणारा माणूस हयात नसेल, तर तिसरीच. ही तिसरी शेपटी आसपासच्या गावांत नव्हती, आणि अकोपातातही ती वापरणारी चार-पाच म्हातारी माणसंच उरली होती.

सहा वर्षं आईचं बोलणं टिपून नेलिदाने या तिसऱ्या शेपटीवर शोधनिबंध लिहिला आणि परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवला. उत्तर आलं: विषय मोलाचा आहे, पण इंग्रजी फार कच्चं.

वीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. पण ती हटली नाही. इंटरनेटवर फुकट मिळेल ते तिने शिकायला घेतलं. भाषाशास्त्राची व्याख्यानं, व्याकरणाचे व्हिडिओ, निबंधात वापरायच्या वाक्यांची भांडारं. दुसऱ्याचं मत खोडताना काय म्हणावं, स्वतःचं मत मांडताना किती सांभाळून मांडावं, सगळं तिने वहीत उतरवलं आणि पाढ्यांसारखं घोकलं. दोन वर्षं.

तिचा धाकटा भाऊ फोर्तुनातो पाव द्यायला यायचा, तेव्हा टोमणा ठरलेला. "ताई, पन्नाशी आली. आता मडम होऊन कुणाला दाखवणार?"

"तू तुझा पाव भाज."

आई चुलीपाशी मका भाजत विचारायची, "माझं बोलणं त्या लोकांना कळलं का गं, नेली?"

"कळेल, मामाय. आधी मला त्यांच्यासारखं लिहिता यायला हवं."

मार्चमध्ये तिने निबंध पुन्हा पाठवला. एकही वाक्य अडखळत नव्हतं. महिन्याभरात उत्तर आलं: हे लेखन यंत्राकडून करून घेतल्याचं तपासणीत दिसतं, त्यामुळे दिलेल्या उदाहरणांवरही विश्वास ठेवता येत नाही, निबंध पुन्हा पाठवू नये.

नेलिदाने ते तीनदा वाचलं. तिचं इंग्रजी खोटं ठरलं होतं, ते एक वेळ ठीक. पण आईची वाक्यंही बनावट ठरली होती.

तिने एकेचाळीस कच्चे खर्डे पाठवले, आईच्या आवाजाच्या फिती पाठवल्या, वहीच्या पानांचे फोटो पाठवले. दोन ओळींचं उत्तर आलं. निर्णय अंतिम आहे.

फोर्तुनातोने या वेळी टोमणा मारला नाही. पावाची पिशवी टेबलावर ठेवून तो म्हणाला, "मग दुसरीकडे पाठव. आणि मुद्दाम वाईट लिही. माणसाने लिहिलंय असं वाटेल."

तो गमतीत बोलला, पण नेलिदा खरंच बसली. शब्द गाळले, काळ चुकवले, वाक्यं मोडली. तिसऱ्या पानावर तिचा हात थांबला. पूर्वी चुका आपोआप व्हायच्या. आता ती रचत होती, आणि रचलेलं कळत होतं.

"स्पॅनिशमध्ये लिही ना सरळ," भाऊ म्हणाला.

"स्पॅनिश वाचणारे इथलेच. इथल्यांना ती बोली हवी असती, तर तुझी पोरं बोलली नसती का?"

फोर्तुनातो पिशवीतले पाव काढून टेबलावर मांडू लागला. त्याला स्वतःलाही ती धड येत नव्हती.

जूनमध्ये हुस्तिनाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, या वयात फार आशा धरू नका.

एका दुपारी नेलिदा तिला चमच्याने सूप भरवत होती. आई एकाएकी बोलू लागली. लांबलचक बोलली, डोळे नेलिदावर रोखून, जणू काही समजावून सांगत होती. नेलिदाने सवयीने फोन पुढे धरला.

संध्याकाळी तिने ते चारदा ऐकलं. शब्द कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, तेच लागेना. शेपटी कुठली शोधायची? तिने आईची वाक्यं टिपायच्या वहीत तारीख घातली, आईचं नाव लिहिलं. खालची जागा कोरीच राहिली.