बय्यूमीची शीळ

“घरात पक्षीबिक्षी पाळलेत का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“छे हो, कुठले पक्षी!” माझी भावजय इनशिराह पापणीही न लववता म्हणाली.

मी शेजारच्या खुर्चीत होते. मला ठसकाच लागला. बाईसाहेबांच्या खांद्यावर, काळ्या ओढणीवर, हे एवढं पांढरं पीस चिकटलेलं! धूळ झटकल्यासारखं करून मी ते उचललं आणि मुठीत दाबून बसले.

डॉक्टरीण पोरगेलीशी होती, पण बोलायला गोड. तिनं इनशिराहच्या पुढ्यात दोन पंप ठेवले. “हा तपकिरी रोजचा. दम लागो न लागो, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा आणि घेतल्यावर चूळ भरायची. हा निळा अडीअडचणीचा. तुमच्या श्वासाच्या नळ्या आतून सुजल्यात. निळा त्या घटकाभर उघडतो, पण सूज उतरवतो तो तपकिरी. तुम्ही आजवर नुसता निळाच ओढत आलात.”

“पण पंपाची सवय लागते म्हणतात ना?”

“जेवणाची लागलीय ना? तशीच ही.”

इनशिराह हसली आणि हसता हसता खोकली. आमच्याकडे या नावाचा अर्थ छाती मोकळी होणं असा, आणि बिचारीची छाती जुन्या दारासारखी करकरायची. लग्न होऊन आली तेव्हा चांगली धडधाकट होती हो. भरलेली गॅसची टाकी एकटी वर न्यायची.

दवाखान्याच्या जिन्यात मी तिला धरलं. मूठ उघडून पीस दाखवलं. “हे काय आहे? माझ्या अब्बांची दाढी?”

“वन्सं, हळू बोला ना.”

“खोटं का बोललीस?”

ती कठड्याला टेकली. “खरं सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती?”

“कबुतरं काढा म्हणाली असती.”

“मग? ती काढली तर तुमच्या भावाचं राहिलं काय?”

माझा भाऊ बय्यूमी इस्त्रीवाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आमचं दुकान आहे, तो इस्त्री करतो आणि मी घड्या घालते. दिवसभर मान खाली. गिऱ्हाईक येतं आणि टाकून बोलतं, “बय्यूमी, कॉलरला चुणी राहिली,” “बय्यूमी, आंधळा झालास का?” हा आपला “होय साहेब, होय साहेब.” पण असरची नमाज झाली, ऊन कललं, की हाच माणूस आमच्या चार मजली घराच्या गच्चीवर चढायचा आणि तिथं सुलतान व्हायचा. गच्चीवर कबुतरांची ढाबळ होती. लाकडी, निळ्या-तांबड्या रंगाची, घराहून उंच. सगळं आयुष्य त्यानं त्या ढाबळीत घातलं. कबुतरं आकाशात सोडायची, काळं फडकं काठीला बांधून फिरवायची आणि शेवटी दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घालायची, की गल्लीतली पोरंटोरं खेळ थांबवायची. शीळ ऐकली की सगळा थवा दगड पडावा तसा खाली यायचा.

दोन गल्ल्या पलीकडे शलबीची ढाबळ. शलबी फ्रिज दुरुस्त करतो. कैरोत कबुतरबाजांचा नेम असा, की दोन थवे आकाशात मिसळले आणि तुझं कबुतर माझ्याबरोबर माझ्या गच्चीवर उतरलं, तर ते माझं. मैत्री असेल तर परत करतात. वैर असेल तर नाही, वर तीन शिट्या घालून चिडवतात. आमचं वैर होतं. कुणाचं कबुतर आधी कुणी धरलं हे आता दोघांनाही आठवत नव्हतं. बय्यूमीची आणि शलबीची सलाम-दुआसुद्धा नव्हती. मयतीला समोरासमोर आले तरी एक जण चपला शोधत बसायचा.

तर इनशिराहनं कबुतरं सोडून बाकी सगळं केलं. तपकिरी पंप नळाशेजारी ठेवला, म्हणजे चूळ विसरायला नको. शुक्रवारचा ऊद-लोबान बंद. झाडण्याआधी पाणी शिंपडायचं, चादरी उकळत्या पाण्यात, पिसांच्या उशा भंगारवाल्याला. बय्यूमीला तर पंपाचं वेडच लागलं. दुकानातून वर तोंड करून, आमच्या रीतीप्रमाणे लेक सलवाच्या नावानं हाक मारून ओरडायचा, “उम्म सलवा, तपकिरी घेतलास का गं?” अख्ख्या गल्लीला माझ्या भावजयीच्या औषधाच्या वेळा पाठ झाल्या. ती खिडकीतून ओरडायची, “घेतला हो, अबू सलवा! आता मशिदीच्या भोंग्यावरनं सांगा!”

थोडा फरक पडला. पण असरनंतर त्याला चहा द्यायला गच्चीवर जायची, उलट्या खोक्यावर बसायची, आणि संध्याकाळी छाती पुन्हा वाजायची.

मग तिची मुलगी सलवा बाळंत झाली आणि इनशिराह इस्माइलियाला गेली. फोनवर हसायची. नुसतं हसायची, खोकायची नाही. परत आली तेव्हा गाठोडं घेऊन तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढली. बय्यूमीनं गल्लीत सरबत वाटायचं तेवढं बाकी ठेवलं. “बघितलंस ताई, पंप लागू पडला!” दुसऱ्या दिवशी ती चहा घेऊन गच्चीवर गेली. रात्रीच्या जेवणाला धाप लागून तिच्या तोंडून शब्द फुटेना.

सकाळी दुकानात बय्यूमी शर्टावर इस्त्री फिरवत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, डॉक्टरणीनं पक्ष्यांचं काही विचारलं होतं का गं?”

मी घडी घालत राहिले.

“कबुतर आजारी पडलं की चोच उघडी टाकून श्वास घेतं,” तो म्हणाला. “ही काल तशी घेत होती. तिकडून आली तेव्हा घेत नव्हती. विचारलं होतं का?”

“विचारलं होतं.”

“मग?”

“नाही म्हणाली.”

“का?”

“का म्हणजे? तुझ्यासाठी, गाढवा!”

इस्त्री शर्टावर तशीच टेकवून तो माझ्याकडे बघत राहिला. जळका वास आला तेव्हा दोघांनीही खाली बघितलं. एवढ्या वर्षांत माझ्या भावानं पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला.

घरी जाऊन तो तिच्यावर ओरडला. ती काय ऐकते! “डॉक्टरीण म्हणाली घरात आहेत का. घरात कुठे आहेत? गच्चीवर आहेत!” मी तोंडात ओढणी कोंबून हसले. मग तह झाला. इनशिराहनं गच्चीवर जायचं नाही. बय्यूमीनं वरच कपडे बदलायचे, खाली आला की आधी अंघोळ. थंडीतसुद्धा! मोठा नवरदेव झाला होता, दिवसातून दोनदा साबण. पण ढाबळ त्यांच्या खोलीच्या अगदी डोक्यावर. हवेसाठी ठेवलेल्या मधल्या उघड्या चौकातून बारीक पांढरी धूळ खाली यायचीच. तिनं भांडी पुसावीत आणि ती पुन्हा बसावी.

वसंतात वाळूचा वारा सुटला. सकाळ पिवळी झाली, आणि त्या सकाळी निळ्या पंपानंही तिचा दम उतरेना. टॅक्सीत तिचे ओठ काळे-निळे पडले होते. दवाखान्यात तोंडावर मुखवटा लावून वाफ दिली, सुई दिली. बय्यूमी बाकावर तिची एक चप्पल हातात घेऊन बसला होता. दुसरी जिन्यात पडली होती. दम ओसरला, तिनं डोळे उघडले, तेव्हा ती पोरगेली डॉक्टरीण फेरीला आली. माझा भाऊ उठून उभा राहिला, शाळेत राहतात तसा.

“बाई, कबुतरं आहेत,” तो म्हणाला. “पुष्कळ आहेत.”

मुखवट्याच्या आत इनशिराह रडायला लागली. डॉक्टरीण रागावली नाही. म्हणाली, “आता कळलं ना, म्हणजे अर्धं काम झालं.” देव तिचं भलं करो.

पण उरलेलं अर्धं काम सोपं नव्हतं. शुक्रवारच्या बाजारात त्यानं दोन जोड्या विकल्या. रविवारी त्या परत ढाबळीवर बसलेल्या! कबुतराला एकच घर ठाऊक. लांब पाठवलं तरी येणार. मी म्हटलं, पोटात गहू भरून भाजून टाकू, सगळं कैरो खातं. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं.

एके दिवशी म्हणाला, “ताई, शलबीकडे चल.”

“कोण शलबी?” मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

“तू बोल. माझ्या तोंडून निघायचं नाही.”

शलबी दुकानात उघड्या फ्रिजमध्ये डोकं खुपसून बसला होता. मला बघून म्हणाला, “अतियातबाई? काय, बय्यूमी मेला की काय?” मग माझ्यामागे बय्यूमी दिसला आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला.

मी सगळं सांगितलं. दमा, पीस, शर्ट, टॅक्सी. शेवटी म्हटलं, “उस्ताद, सगळी कबुतरं तुम्ही घ्या.”

शलबीनं बराच वेळ हात पुसले. “नको,” म्हणाला. “मी कबुतर दानात घेत नाही.”

“अरे माणसा, तुला फुकट मिळतंय!”

“म्हणूनच नको. आयुष्यभर ह्याच्याशी लढलो, आता भीक घेऊ?” मग प्रथमच तो बय्यूमीकडे वळला. “उद्या असरनंतर उडव. मीही उडवतो. माझ्या थव्यात आली तर माझी. पण तू शीळ घालायची नाहीस. शीळ घातलीस तर तुझी कबुतरं माझ्याकडे कशाला येतील? मला माहितीय ना तुझी शीळ.”

वैऱ्याच्या तोंडून एवढं कौतुक माझ्या भावानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं मान हलवली. बाहेर येताना शलबी मला हळूच म्हणाला, “वहिनींना सांगा, माझ्या आईला दमा होता. तेव्हा कुणी आम्हाला असं नीट समजावून सांगितलं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी बय्यूमीबरोबर गच्चीवर होते. त्यानं दारं उघडली. थवा वर गेला, फिरला, पांढरा झाला, करडा झाला. तिकडून शलबीचा उठला. दोन्ही भिडले आणि एकच झाले. आसपासच्या गच्च्यांवर माणसं उभी होती. आमच्या भागात अशी बातमी लपत नाही. बय्यूमीची दोन बोटं आपसूक तोंडाकडे गेली. मी त्याचा हात धरणार, तेवढ्यात त्यानंच तो खिशात घातला.

थवा शलबीकडे झुकला. पण सगळी गेली नाहीत. बय्यूमीचा म्हातारा नर, अंबर, त्याच्यामागे आणखी काही, वळून आली आणि डोक्यावर घिरट्या घालायला लागली. वाट बघत होती, की हा शीळ का घालत नाही. मग माझ्या भावानं काळं फडकं उचललं आणि वेड्यासारखं फिरवलं. “जा! जा म्हणतो ना!” ज्यांना आयुष्यभर हाका मारून उतरवलं, त्यांनाच हाकलत होता. माझ्याच्यानं बघवेना. शेवटी अंबर गेला.

शलबीच्या गच्चीवर सगळी उतरली. आता तीन शिट्या येणार म्हणून सगळे कान देऊन उभे होते. शलबीनं शीळ घातली नाही. त्यानं हात छातीवर ठेवला आणि ढाबळीचं दार ओढून घेतलं. नवं घर अंगवळणी पडेपर्यंत त्यानं ती आत कोंडून, मायेनं जपली. मी त्या माणसाला किती शिव्या घातल्या होत्या! आता नमाजेत त्याचं नाव घेते.

ढाबळ मोडली. गच्ची कितीदा तरी धुतली. डॉक्टरीण म्हणाली होती, धूळ लगेच जात नाही, महिने लागतील, आणि तपकिरी पंप सोडायचा नाही. इनशिराहनं सोडला नाही. अजून घेते. दमा काही घर सोडून गेला नाही. वाऱ्याचे दिवस आले की निळा पंप कमरेला बांधते, खिडक्या लावून घेते. पण निळा आता वापरायची वेळ क्वचित येते. रात्री सगळे झोपतात. याहून मोठी गोष्ट माझ्या घरात कुठली नाही.

परवाची गोष्ट. ढाबळीच्या जागी आता कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. बय्यूमी उलट्या खोक्यावर चहा पीत बसला होता, मी सोबत. इनशिराह ओल्या चादरींची बादली घेऊन वर आली. कुठल्याही मजल्यावर न थांबता आली आणि आल्या आल्या माझ्याशी भांडायला लागली, की चिमटे कुठे ठेवलेत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

असरनंतर शलबीचा थवा उठला. शलबी त्याला रोज मुद्दाम लांबचा वळसा घालायला लावतो, आमच्या गच्चीवरून. अंबर पुढे होता. बय्यूमीनं वर बघितलं नाही, चहात बघत राहिला. दोन बोटं मात्र ओठांशी गेली होती.

इनशिराहनं चादर दोरीवर टाकली. त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. “अबू सलवा, तुमचे उपकार मी कसे फेडू?” ती म्हणाली. “वाजवा की एकदा. माझ्यासाठी.”

त्यानं हात खाली घेतला.

“नको गं,” तो म्हणाला. “परत येतील.”