मुंगीची वजाबाकी

तिसरीच्या बाईंनी एकवीस वर्षांत आठ प्रशिक्षक पचवले होते. प्रत्येक जण गणित सोपं करायला यायचा आणि फोटो काढून जायचा. हा नववा पुठ्ठ्याचे वीस डबे, एक शिट्टी आणि अंगभर उत्साह घेऊन आला, तेव्हा बाई मुख्याध्यापकांना एवढंच म्हणाल्या, "वर्ग आवरून ठेवलाय. जाताना तसाच मिळाला म्हणजे झालं."

मुख्याध्यापक हसले. वरून कोणीही आलं की हसायचं, एवढ्या एका कौशल्यावर त्यांची नोकरी चालली होती.

प्रशिक्षकाने बाकं भिंतीला लावली, मुलांना जमिनीवर बसवलं आणि 'संख्यागाडी' जोडली. लाल डबे दशकांचे, निळे एककांचे. हातचा घ्यायचा झाला की शिट्टी. "वजाबाकी म्हणजे नुसती धमाल," तो म्हणाला. अर्ध्या तासात गाडी एका गणितापुढे सरकली नाही, आणि शिट्टी कोण वाजवणार यावरून दोन मुलांची जुंपली. मागच्या खुर्चीवर बाई मनातल्या मनात त्याची शिकवणी घेत होत्या.

शेवटी त्याने फळ्यावर बावन्न वजा अडतीस लिहिलं आणि समोरच्या मुलीला उभं केलं. नेमकी मुंगी. नाव बाईंनीच पाडलेलं; चणीने लहान आणि कामाला संथ. आता पाहुण्याची चांगलीच फजिती होणार म्हणून बाई सावरून बसल्या.

"चौदा," मुंगी म्हणाली. डब्यांकडे तिने पाहिलंही नाही.

"छान. आता गाडीवर दाखव बरं."

"गाडी नाही लागत. अडतीसला दोन दिले की चाळीस. चाळीसपासून बावन्नपर्यंत बारा. दोन आणि बारा, चौदा."

प्रशिक्षकाने हातातल्या कागदावरून बोट फिरवलं. त्यात असलं काही नव्हतं. "अगं, ही तर बेरीज झाली. हातचा कुठाय?"

"नाही घेतला."

"मग हे चूकच धरावं लागेल, बाळा. बस खाली."

बाई उठून पुढे आल्या. "उत्तर बरोबर आहे."

"हो, पण रीत..."

"रीतही बरोबर आहे. दोन संख्यांमधलं अंतर मोजलं तिने. वजाबाकी म्हणजे आणखी काय असतं? तुमच्या डब्यांत मावत नाही, हा काही तिचा दोष नाही."

दाराशी उभे असलेले मुख्याध्यापक खोकले. मुंगी अजून उभीच होती. "पण बाई," ती म्हणाली, "तुम्हीसुद्धा चूकच देता."

"मी? कधी?"

"रोज. हातचा दिसत नाही म्हणून."

प्रशिक्षक गालातल्या गालात हसला. असल्या माणसाला आपल्यावर हसायची सोय व्हावी, हे बाईंना फार झोंबलं.

शाळा सुटल्यावर त्यांनी कपाटातून मुंगीची वही काढली. पानामागून पान लाल फुल्या, आणि बहुतेक सगळी उत्तरं बरोबर. दोन ठिकाणी त्यांचाच ठसठशीत शेरा: 'शेजारणीचं बघून लिहू नये.' त्यांनी शेजारणीची वही उघडली. तिची निम्मी उत्तरं चुकलेली होती.

"शाब्बास," बाई स्वतःलाच म्हणाल्या. "एकवीस वर्षं डोळे उघडे ठेवून झोपा काढल्या." आठही प्रशिक्षकांना त्यांनी जी विशेषणं बहाल केली होती, ती सगळी त्यांनी त्या रिकाम्या वर्गात बसून एकेक करत स्वतःला लावून पाहिली. कुठलंही सैल झालं नाही. मग एकेक फुली खोडत त्यांनी 'बरोबर' लिहिलं. वही संपेपर्यंत शिपाई दाराशी किल्ल्या वाजवत दोनदा येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंगीच्या हातात वही आणि खडू दिला. "कालचं गणित सगळ्यांना सांग. मी चुकले होते."

मुंगीने वही चाळली, नीट, पानपान बघून. "सगळी तपासलीत?"

"सगळी."

हात पुरेना म्हणून तिने खुर्ची ओढली, तिच्यावर उभी राहिली आणि वर्गाला म्हणाली, "गप्प बसा आणि इकडे बघा. परत सांगणार नाही."

बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या.