यमुनाबाईंची काच

जयगडच्या खाडीकाठच्या वाडीत लग्न ठरलं की आधी मांडवाचे झाप मोजायचे, मग जेवणाचे नारळ. गोदाच्या लग्नात मात्र फोटोच्या काचा मोजायची वेळ आली. हौस वराकडची. नवरामुलगा बाबू मुंबईला आगबोटीच्या कंपनीत होता. फोटोवाला हवाच, असं त्यानं पत्रातून कळवलं होतं.

लग्नाच्या आठ दिवस आधी रत्नागिरीहून नाचणकर फोटोवाले बोलणी करायला आले. ओटीवर बसून त्यांनी पिशवीतून एक चपटी लाकडी चौकट काढली.

"हिच्या दोन्ही अंगांना एकेक काच बसते. वरून ही झाकणं. झाकण सरकलं आणि उजेड लागला की काच फुकट. एका काचेवर एक फोटो. काचा मी जोडीनंच आणतो. दोन सांगा नाहीतर चार सांगा."

"दोन पुरेत," भिकाजी म्हणाला. भिकाजी गोदाचा काका. गोदाचा बाप तांडेल होता. नऊ वर्षांपूर्वी गलबतासकट दर्यात गेला तो परत आला नाही. तेव्हापासून घरातला शब्द भिकाजीचा. "एक नवरानवरीचा. दुसरा दोन्हीकडच्या आईबापांचा. आमच्या बाजूनं मी नि मथुरा बसू. कन्यादान आम्हीच करणार."

माजघराच्या दाराआड गोदाची आई यमुनाबाई काथ्या वळत बसल्या होत्या. नऊ वर्षं त्या दोरखंडांवर मायलेकींचं पोट चाललं होतं. त्यांचा हात थांबला.

"चार आणा," त्या आतून म्हणाल्या.

भिकाजीनं मान वळवली. "वयनी, तुमी आत बसा."

"आतच बसलेय. आतूनच बोलतेय. कन्यादान तुमी करा भावजी, माझं काय म्हणणं नाय. विधवेनं पाटावर बसायचं नाय, नाय बसत. मांडवात पुढं यायचं नाय, नऊ वर्षांत कुणाच्या मांडवात पाऊल टाकलं नाय. पण फोटोचा विधी कुठल्या पोथीत लिवलाय? भटजींना विचारा, त्याचा मंत्र कुठचा?"

नाचणकरांना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात घालवलं.

भिकाजीची बायको मथुरा पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली, "वयनी, फोटोनं आयुष्य कमी होतं म्हणतात वो. कशाला तो हट्ट?"

"मग तू कशाला बसतेस गो? तुझं कमी झालं तर भावजींना भाकरी कोण भाजून घालील? माझं होऊ दे."

"मस्करी पुरे," भिकाजी म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

यमुनाबाई उठून दारात आल्या. लुगड्याला काथ्याचा भुसा चिकटला होता, तो त्यांनी झटकलासुद्धा नाही.

"लोकांचं सोडा. गोदाची पोरं काय म्हणतील ते ऐका. मुंबईच्या भिंतीवर फोटो लागेल. पोर विचारील, खुर्चीवर बसलेय ती आजी काय? माझ्या पोरीला माझ्याकडं बोट दाखवता आलं पाहिजे. तिला तिच्या बापाचं तोंड आठवत नाय भावजी. हाक मारून विचारा. नाक बाकदार होतं एवढं सांगते, तेही मी सांगितलेलं. बाप दर्यानं पुसला. आईला तुमी पुसताय."

गोठ्यात वासरू हंबरलं.

"दोन काचांचे पैसे मी देते," यमुनाबाई म्हणाल्या. "काथ्याचे आहेत. लिवा वो, चार."

भिकाजीनं तोंड उघडायच्या आत नाचणकरांनी वहीत चाराचा आकडा काढला. मग भिकाजीनं एवढंच मिळवलं, की यमुनाबाईंचा फोटो सगळ्यांच्या शेवटी निघेल, आणि त्याआधीची तिसरी काच वराकडच्या मंडळींना मिळेल.

"शेवटी चालेल," त्या म्हणाल्या. "पण परसात नाय. खळ्यात, मांडवाखाली."

लग्न वैशाखातलं. मुहूर्त सकाळचा, जेवणं दुपारची. उन्हं उतरायला लागली तसा नाचणकरांनी खळ्यात तिकाटण्यावर कॅमेरा उभा केला आणि डोक्यावर काळं फडकं घेतलं. पहिला फोटो नवरानवरीचा छान निघाला. दुसऱ्याला दोन्हीकडचे आईबाप खुर्च्यांवर बसले. मथुरानं नथ सावरली. नाचणकर मोजायला लागले, आणि नेमक्या त्याच वेळी एका शेळीनं मांडवाच्या डहाळीला तोंड घातलं.

"हट्! हट् मेले!" व्याही मान वळवून ओरडले.

नाचणकर फडक्यातून बाहेर आले. "गेली काच. व्याहीबुवांना दोन तोंडं येतील."

मंडळी हसली. व्याही मात्र फुगले. त्यांची समजूत काढावी म्हणून तिसरी काच वराकडच्या मित्रमंडळींवर लगेच खर्च झाली. आता एकच उरली.

"तिच्यावर व्याह्यांचा पुन्हा घ्या," भिकाजी म्हणाला. "चूक निस्तरायला नको? वयनींचा काय, कधीतरी रत्नागिरीला जाऊन काढू."

यमुनाबाई पडवीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या पायरी उतरल्या. मांडवाखाली आल्या. बायका बाजूला सरकल्या, काहींनी नवरीच्या अंगावर पदर धरला. यमुनाबाई सरळ नाचणकरांच्या स्टुलापाशी गेल्या आणि त्यावर ठेवलेली लाकडी चौकट त्यांनी उचलून पदराखाली घेतली.

"बाई! झाकण सरकेल!" नाचणकर किंचाळले.

"नाय सरकत. कशानं फुकट जाते ते तुमीच सांगितलंत." त्या गेल्या आणि मथुरा बसली होती त्या खुर्चीवर बसल्या. चौकट मांडीवर, वर पदर. "ही काच माझी हाय. माझा फोटो काढायचा असेल तर देते. व्याह्यांचा काढायचा असेल तर इथंच बसून राहते, दिवस मावळेपर्यंत."

"वयनी, उठा!" भिकाजीचा आवाज चिरकला. "चारचौघांत शोभा करताय."

"शोभेसाठीच तर बसलेय."

व्याह्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधी गोदा उठली. मुंडावळ्या हलल्या. अंगावर धरलेले पदर तिनं हातानं बाजूला केले. आईच्या खुर्चीशेजारी येऊन ती उभी राहिली आणि आईच्या खांद्यावर तिनं हिरव्या चुड्याचा हात ठेवला. बाबूनं बापाच्या कानाशी काहीतरी सांगितलं. व्याही गप्प बसले.

नाचणकर पुढे आले, हात लांब केला. यमुनाबाईंनी चौकट त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी कॅमेऱ्यात बसवली.

तेव्हा भिकाजी मधे येऊन उभा राहिला. कॅमेऱ्याकडे पाठ, यमुनाबाईंकडे तोंड, हात कमरेवर.

"बाजूला व्हा भिकाजीराव," नाचणकर म्हणाले. "फोटोत पाठ येईल."

"येऊ दे," यमुनाबाई म्हणाल्या. "काढा तसाच. भावजी, उभे राहा, हलू नका. गोदाची पोरं विचारतील, आजीच्या समोर हा बिनतोंडाचा माणूस कोण? मी एकेकाला सांगीन. नाव घेऊन सांगीन."

भिकाजी तिथंच उभा राहिला. मग त्याचे हात कमरेवरून खाली आले. तो बाजूला झाला, आणि जाता जाता शेळीला लाथ मारायला धावला, पण शेळी चपळ होती.

"तीन मोजेन," नाचणकर फडक्यातून बाहेर येऊन म्हणाले. "पापणी हलवायची नाही, बाई."

"तीन कशाला, तीस मोजा," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी कपाळावरचा पदर मागे सारला, मोकळं कपाळ पूर्ण दिसेल एवढा, आणि हनुवटी वर केली.

नाचणकरांनी कॅमेऱ्याच्या भिंगावरचं टोपण काढलं.