बोलायचं नाही, हसायचं नाही

पोलादपुरात महामार्गालगत मांडव पडला होता आणि दर गुरुवारी तिथे पाय ठेवायला जागा नसे. महाडहून, दासगावहून बायका रिक्षा भरभरून येत. पुरुष कडेला उभे राहून टिंगल करत आणि थोड्या वेळानं तेही हळूच पुढे सरकत. व्यासपीठावर एक खुर्ची, खुर्चीत साठीची एखादी बाई आणि तिच्यामागे रेशमी कफनीतले तेजनाथ महाराज.

महाराज बाटलीतला लेप बोटावर घेत, बाईच्या उजव्या गालावर आणि डोळ्याखाली पातळ पसरत, पंखा तिच्याकडे वळवत आणि मंत्र सुरू करत. मंत्र संपेपर्यंत उजवी बाजू गुळगुळीत. डाव्या डोळ्याखालची पिशवी जागच्या जागी, उजवीकडची नाहीशी. एकाच तोंडावर माय-लेकी शेजारी शेजारी बसल्यासारख्या दिसत. सगळा मांडव हात जोडी.

"कंपन्या कोलॅजन कोलॅजन करतात," महाराज माइकवर सांगत. "कोलॅजन म्हणजे काय? आपली कुंडलिनीच. ती गालात झोपली की सुरकुती पडते. शिवथरच्या दरीतल्या गुप्त झऱ्याचं जल तिला हाक मारतं, एवढंच."

मग अट येई. लेप लावल्यावर मौन पाळायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही. हसणं म्हणजे रजोगुण, त्यानं म्हातारपण दुपटीनं परत येतं. घरी नेलेल्या बाटलीनं तासाभरात गालावर पांढरे पोपडे धरले अशी तक्रार घेऊन कुणी आलीच, तर महाराज शांतपणे विचारत, "बोललात ना?" आता घरात लेकरं-सुना असलेली बाई बोलल्याशिवाय कशी राहील? ती खाली मान घालून दुसरी बाटली घेऊन जाई.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. असल्या मांडवांबद्दल मला नवल वाटत नाही, राग येतो आणि थोड्या दिवसांनी तोही थकतो. पण या वेळी त्यात बयाबाई अडकली.

बयाबाई डोंगरातल्या वरच्या वाडीतली. आठवड्यातून एकदा ती पाटी घेऊन खाली येई आणि माझ्या दाराशी भाजीपेक्षा गप्पाच जास्त विकत बसे. तिच्या वाडीतली बहुतेक घरं कुलूपबंद, माणसं मुंबईला. तळीयेची दरड कोसळल्यापासून उरलेसुरले लोकही पावसाळ्यात खाली नातेवाइकांकडे उतरतात. बयाबाई उतरत नाही, कारण तिचा नवरा दत्ताराम. त्यानं उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या एका छापखान्यात घालवली, ती इथे शेत बघत राहिली. सणावाराला भेट व्हायची तेवढीच. तो कायमचा घरी आला तेव्हा त्याची आठवण पुसट होऊ लागली होती. बायकोकडे बघून तो तिला 'आये' म्हणायचा आणि विचारायचा, "बया कुठं गेली?" त्याच्या डोक्यातली बया पंचविशीची होती. समोरची म्हातारी म्हणजे आईच असणार, असा त्याचा साधा हिशेब.

हे सगळं तिनं मला हसत हसत सांगितलं होतं.

श्रावणात बऱ्याच आठवड्यांनी ती आली तेव्हा पाटी उतरवून नुसती बसली. चेहरा ताणलेला, चकचकीत, कपाळावर एक रेघ नाही. जबड्याच्या कडेला मात्र लाल चट्टे उठले होते. मी विचारलं तर ओठांवर बोट ठेवलं आणि कनवटीची बाटली काढून दाखवली. मला सगळं कळलं. तिला नुसतं सुंदर दिसायचं नव्हतं. तिला दत्तारामच्या डोक्यातली बया व्हायचं होतं.

मी वाटीभर लेप मागितला. मलाही सुरकुत्या घालवायच्या असतील असं तिला वाटलं असावं, तिनं मायेनं ओतला.

शाळेच्या प्रयोगशाळेत मी लाल लिटमस त्यात बुडवला. झटकन निळा झाला, म्हणजे लेप अल्कधर्मी. थोडा लेप पाण्यात मिसळून त्यात मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, खडे टाकले आणि बघत राहिले. खड्यांमधून निळसर फांद्या वर चढू लागल्या, पाण्याखाली झुडूप उगवावं तशा. दरवर्षी नववीच्या मुलांना मी हीच रासायनिक बाग करून दाखवते. त्यासाठी लागतं सोडियम सिलिकेट. पुठ्ठ्याची खोकी चिकटवायला वापरतात ते. गुप्त झरा कोणत्या दुकानात वाहतो हे कळलं.

पण एक कोडं उरलं. बाकीच्या बायकांच्या गालावर तासाभरात पोपडे धरतात, मग बयाबाईचा चेहरा वाडीतून माझ्या दारापर्यंत टिकला कसा? महाराज तर तिला 'मौनसिद्ध' म्हणू लागले होते.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी घरी आरशासमोर बसले आणि लेप स्वतःच्या डोळ्यांच्या कडांना लावला. तो वाळताना कातडी ओढली गेल्याचं जाणवलं. माझी पन्नाशी आरशातून निघून गेली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग मी वह्या तपासल्या, वरण-भाताचा कुकर लावला, कपडे आवरले. दिवेलागणीला आरशात पाहिलं तर चेहरा तसाच. एक तडा नाही. मी चक्रावले. तेवढ्यात महाडहून बहिणीचा फोन आला. कसल्याशा गोष्टीवर आम्ही हसलो आणि फोनवर, हातावर पांढरी कणी पडली. आरशात डोळ्यांशेजारी बारीक भेगा, सुकलेल्या तळ्यासारख्या.

तेव्हा लक्षात आलं की दुपारपासून मी एक शब्दही बोलले नव्हते. मौनव्रत वगैरे काही नाही, घरात दुसरं कुणी नव्हतं, इतकंच. बयाबाईचं कोडं सुटलं.

रविवारी वाडीवर गेले. ओटीवर दत्ताराम भिंतीला टेकून बसला होता. मी कोण हे त्यानं विचारलं नाही. बयाबाई चुलीशी होती. मी तिला प्रयोग समजावून सांगितला. हा पापुद्रा वाळताना आक्रसतो, कातडीला ओढून धरतो, आत काहीच बदलत नाही. गाल हलला की फुटतो. महाराजांना मौन हवंय ते याचसाठी. तिनं ऐकून घेतलं. चुलीतलं लाकूड पुढे सारलं. तेवढ्यात दत्ताराम आत डोकावला आणि तिच्या गुळगुळीत तोंडाकडे बघत म्हणाला, "ही कोनाची गो? आये कुठं हाय?"

बयाबाई चुलीकडे तोंड करून बसली. मी पायवाट उतरले ती हरल्यासारखीच.

गुरुवारी मी काचेचं भांडं आणि मोरचूद पिशवीत घेऊन मांडवात गेले. महाराजांनी बयाबाईला वर बोलावून खुर्चीत बसवलं होतं. तिचा चेहरा पुतळ्यासारखा निश्चल.

"बघा ही तपश्चर्या," महाराज म्हणाले. "महिनाभर या माउलीनं तोंडातून शब्द काढला नाही. म्हणून देवानं..."

"तपश्चर्या नाय, महाराज," बयाबाई म्हणाली.

माइक जवळच होता. तिचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला. बरेच दिवस न वापरल्यानं तो घोगरा झाला होता.

"माज्या वाडीत बोलायला कोन नाय. घरात एक मानूस हाय, त्याला मी ठावी नाय. म्हनून ह्ये टिकलं. बायांनो, तुमच्या सुना-लेकरांनी तुमचं पोपडं पाडलं, तुमचं नशीब चांगलं." बोलता बोलता तिच्या ओठांच्या कडांना चरे गेले, मग गालांना. पांढरा चुरा पदरावर पडला. "त्यो मला आये तरी म्हनत व्हता. मी गप झाले, तर त्येबी गेलं."

महाराजांनी मंत्र सुरू केला, पण कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. मी वर गेले, त्यांच्याच बाटलीतला लेप पाण्यात ओतून मोरचूद टाकला. निळी बाग उगवताना पुढच्या बायका उठून जवळ आल्या. मी फार बोलले नाही. झरा खरा असेल तर महाराजांनी स्वतःच्या गालाला लेप लावून खळखळून हसून दाखवावं, एवढंच म्हणाले. महाराजांनी घसा बसल्याचं सांगितलं. पुढच्या गुरुवारी मांडवाच्या जागी खांबांचे खड्डेच होते. ते दुसऱ्या तालुक्यात गेल्याचं ऐकलं. तिथेही कुणीतरी हसावं, अशी इच्छा आहे.

त्यानंतर वाडीवर गेले तेव्हा बयाबाई ओटीवर बसून दत्तारामला कुठल्या तरी गाभण गाईची हकिकत सांगत होती. चट्टे निवळत आले होते. तो ऐकत होता की नाही, देव जाणे, पण मधेच "मग काय झालं, आये?" म्हणाला. ती पुढे सांगू लागली.

निघताना मी तिला दंडाची आतली बाजू उघडून बघायला सांगितली. तिथली कातडी चेहऱ्याइतक्याच वर्षांची, तरी मऊ, कारण तिला ऊन लागलं नाही. कातडीला आतून धरून ठेवणारे कोलॅजनचे धागे उन्हानं झिजतात. टोपी, सावली, पदर यांनी ती झीज कमी होते. डॉक्टरांना विचारून लावलेल्या काही मलमांनी काही महिन्यांनी थोडा फरक पडतो. पाच मिनिटांत काहीच होत नाही.

बयाबाईनं दंड बघितला, मग नवऱ्याकडे बघितलं.

"पन बाई, ह्यो जलमभर छापखान्यात सावलीत व्हता. मग त्येचं तोंड असं का सुरकुतलं?"

मी खाली बसले. वयानं सावलीतही ते धागे कमी होतात, आणि बिडी ओढणाऱ्याचे तर आणखी लवकर, हे तिला सांगितलं. तिनं आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. मांडवात तिला एवढंच बजावलं होतं की बोलायचं नाही, हसायचं नाही. वाचकहो, तोंड बंद ठेवायला लावणारा चमत्कार दिसला, की सगळ्यात आधी तोंड उघडा आणि विचारा.