सोनाजीची जागा

पेमा नाईकाच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून अर्धा मुलूख पालथा घातला, पण नदी ओलांडायला कुणाची परवानगी लागते हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. पेमाला ते म्हातारपणी शिकावं लागलं. सन अठ्ठेचाळीसचा वैशाख होता. पुसेगावच्या पुढं त्याचा तांडा निजामाच्या हद्दीत, आणि नातवाची, हरिचंदची, ठरलेली नवरी पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात. निजामानं आपलं राज्य वेगळं ठेवलं, वऱ्हाड हिंदुस्थानात गेलं, आणि गुडघाभर पाण्याची नदी एकाएकी परमुलूख झाली. अलीकडच्या काठावर नाका बसला. पलीकडं निजामाशी लढणाऱ्या पोरांच्या छावण्या पडल्या. कधी बंदुकांचे आवाज यायचे, आणि सकाळी पाणवठ्यावर त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

"लग्न पुढं ढकला, मामा," सून जिवनबाई म्हणाली. विधवा बाई, हरिचंद तिचा एकुलता एक. "ह्या दिवसांत पोराला घेऊन नदीपलीकडं जायाचं, माझा जीव थाऱ्यावर न्हाई."

"आन वसराम व्याही दुसरीकडं पोरगी देऊन बसला तर? आधीच मागणी येऊन राहिली तिला," पेमा म्हणाला आणि फेटा बांधून कचेरीला निघाला.

कचेरीबाहेर लिंबाखाली किसनराव अर्जनवीस बसायचा. लोकांचे अर्ज सरकारी उर्दूत लिहून देणं हा त्याचा धंदा. पान लावता लावता त्यानं सांगितलं, "नाईक, परवाने दोन परकारचे. तिजारतीचा घेतला तर माल न्या, बैल न्या, पण गडीमाणसंच जातील. कुटुंबाचा घेतला तर बाया चालतील, पण जनावर न्हाई. कोणता लिहू?"

पेमाला दोन्ही पाहिजे होतं. आईशिवाय लग्न कसं लागणार? आणि बैलाशिवाय तरी कसं? तांड्याच्या रीतीनं नवरी सासरी निघते तेव्हा सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहून माहेराचा निरोप गाते. शिवाय नवरीचा बाप वसराम जुन्या रिवाजाला धरून बसला होता: पोरगी नेता तर तोच बैल दावणीला ठेवून जा.

"आन येताना नवरीचं कसं?" पेमानं विचारलं.

"तिचं नाव हिकडल्या कागदावर चढत न्हाई. ती परमुलखाची झाली. तिला तिकडून कागद काढावा लागंल. दिवाळी उजाडंल म्हना की."

त्याला भोळा म्हणणारे पुष्कळ होते, पण पेमा नाईक तितकाही भोळा नव्हता. "कुटुंबाचा लिवा," तो म्हणाला. "मी पेमा. सून जिवनबाई. नातू हरिचंद. आन सोनाजी."

"हा सोनाजी कोण?"

"घरचाच. माय मेली, मंग म्याच वाढवला."

"उमर?"

"चौदा."

किसनरावानं 'पोसलेला मुलगा' असं लिहून टाकलं. पेमानं काही दुरुस्ती केली नाही. त्यात खोटं काय होतं? सोनाजीला त्यानं चिंधीनं दूध पाजलं होतं. दिवाळीचा पहिला घास घरात सोनाजीचा असे, आणि तापात कण्हणारा पेमा बायकोच्या आधी त्याचं नाव घेई. तांड्यात बैलाला घरातला धरायचं नाही तर कुणाला? पण हे झालं मनाचं समाधान. खरी खोच त्यानं घरी जिवनबाईला सांगितली.

"चार जानार, चार येनार. जाताना सोनाजी, येताना त्याच्या जागी नवरी. नाक्यावर डोकी मोजतेत. गिनती बराबर!"

जिवनबाई हसली नाही. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हनतेत लोक," ती म्हणाली.

नाक्यावर जाताना ओळखीचा म्हातारा शिपाई भेटला. त्यानं गूळ-खोबरं घेतलं, हरिचंदच्या मुंडावळ्यांकडं बघून डोळे मिचकावले आणि नावं न वाचता शिक्का मारला. "और ये?" त्यानं बैलाकडं बोट केलं. "नवरीची सवारी," पेमा म्हणाला. शिपाई हसून बाजूला झाला. पेमाला आपल्या डोक्याचं इतकं कौतुक वाटलं की नदी उतरेपर्यंत तो स्वतःशीच गुणगुणत होता.

लग्न थोडक्यात उरकलं. नवरी रूपाबाई सोनाजीच्या पाठीवर उभी राहून गायली. तो जरासुद्धा हलला नाही. जणू त्याला कळत होतं की वर कुणाची तरी लेक उभी आहे. मग पेमानं त्याचं दावं वसरामच्या हातात दिलं. गळ्यातली पितळी घुंगरमाळ काढून घ्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. रिकाम्या गळ्यानं त्याला परक्या दारात कसं सोडायचं? मागं वळून बघायचं नाही असं ठरवून तो निघाला. सोनाजी हंबरला, पुन्हा हंबरला. पेमाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते सुनेला दिसू नये म्हणून तो सगळ्यांच्या पुढं चालत राहिला.

दुपार कलताना ते नदीवर आले. नाका ओळखू येईना. छप्पर जळून कोळसा झालं होतं, भिंतीवर गोळ्यांच्या खुणा होत्या. आदल्या पहाटे छावणीवाल्यांनी हल्ला केला होता आणि तो म्हातारा शिपाई त्यात मेला होता. आता तिथं लांबच्या गावचे शिपाई होते, आणि त्यांचा जमादार. दोन रात्रींच्या जागरणानं त्याचे डोळे लाल झाले होते. त्यानं डोकी मोजली नाहीत. कागद घेतला आणि एकेक नाव वाचलं.

"सोनाजी. लडका, उमर चौदा. कहाँ है?"

पेमानं हात जोडले. "साहेब, सोनाजी बैल हाय."

जमादारानं कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "बैल? कुटुंब के परवाने में बैल?"

"आमच्यात बैल घरातलाच..."

"बुढ्ढे, मेरे को बैल समझा क्या? यहाँ से लडका ले गया, छावनी में छोडा, और बदले में ये छोकरी लाया! कल जिन्होंने गोली चलाई वो भी ऐसेच लडके थे."

पेमानं देवाच्या शपथा घेतल्या. जिवनबाईनं पदर पसरला. जमादारानं हरिचंदला, मुंडावळ्यांसकट, बाभळीला बांधायला लावलं. "शाम तक सोनाजी आया तो ठीक. नहीं तो इसको आगे भेजता. उधर इससे पूछेंगे."

'पुढं' पाठवलेलं माणूस परत आलेलं त्या मुलखात कुणी पाहिलं नव्हतं. जिवनबाई जळक्या भिंतीशी बसली.

"मी जातो, घेऊन येतो त्याला," पेमा म्हणाला. "डोळ्यानं बघा बैल."

"एक भागा, अब तू भी भागेगा? बैठ."

जमादाराला कसं पटवावं? कुटुंबाचा कागद घ्यायची अक्कल आपली, नाव घालायची आपली, मोजदादही आपली. दुसऱ्या कुणाला शिवी द्यायची सोयसुद्धा पेमानं ठेवली नव्हती. शिपाई नदीकडं बंदुका रोखून बसले होते. अंधारात पुन्हा हल्ला होणार अशी त्यांना धास्ती होती. झुडपातून टिटवी उडाली तरी ते दचकत. रूपाबाई नव्या घरच्या वाटेवर, कुठल्याशा नाक्यावर, नवऱ्याच्या मनगटातून निघणारं रक्त बघत उभी होती. अजून ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. सूर्य पलीकडच्या टेकडीला टेकला.

तेव्हा घुंगरं वाजली.

पेमानं कान टवकारले. पैलतीरावरच्या झुडपांतून आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. हजार बैलांत त्यानं ती माळ ओळखली असती. दावं तोडून, माग काढत सोनाजी घराकडं निघाला होता. पेमा आनंदानं वेडा झाला. पुरावा आपल्या पायानं चालत येत होता! तो उठला, दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडला, "सोनाजी! ये रे माझ्या लेकरा! सोनाजी, हिकडं!"

शिपायांनी ते नाव ऐकलं. झुडपं हलताना पाहिली, आणि त्यांत काहीतरी काळं, मोठं.

"न्हाई, न्हाई!" पेमा किंचाळला, पण बंदुका सुटल्या होत्या.

धूर निवळला तेव्हा सोनाजी वाळूत उतरला होता. शिंगांना अजून लग्नाची लाल फीत होती. तो उथळ पाण्यातून सावकाश आला, चढावर आला, पेमाच्या पुढ्यात आला आणि पुढचे गुडघे टेकून बसला. छातीतून रक्त वाहत होतं. पेमानं त्याचं तोंड मांडीवर घेतलं. त्याला वाटलं, हाक मारली नसती तर हा झुडपातच थबकला असता, वाट बघत. त्यानं ते मोठ्यानं म्हटलंही, पण ऐकायला कुणी नव्हतं.

जमादार जवळ आला. बैलाकडं, मग म्हाताऱ्याकडं बघत राहिला. "ये सोनाजी?"

पेमानं मान हलवली.

जमादारानं पागोटं मागं सारून कपाळ पुसलं. त्याला वाईट वाटलं की काय, देव जाणे. त्यानं हरिचंदला सोडायला सांगितलं, कागदावरच्या शेवटच्या नावावर रेघ मारली आणि रूपाबाईला हातानं पुढं व्हायची खूण केली.

"चार गये, चार आये," तो म्हणाला. "गिनती बराबर. चलो, निकलो."

सोनाजीला पुरायलाही त्यांनी थांबू दिलं नाही. रूपाबाईनं तेवढी घुंगरमाळ त्याच्या गळ्यातून सोडवून घेतली. चौघं तांड्याच्या वाटेला लागले, पेमा पुढं, बाकीची मागं. नव्या नवरीच्या हातात माळ पावलागणिक वाजत होती आणि दर वेळी पेमाची मान मागं वळत होती.

शेवटी तो थांबला.

"पोरी," तो म्हणाला, "ती माळ पदरात गुंडाळ."